वेडरचं गुपित सांभाळून मुलांना स्टार वॉर्स दाखवायचं तर

(हे मोठ्यांसाठी आहे. यात सगळी गुपितं उघड केलेली आहेत, त्यामुळे वाचता येणाऱ्या मुलांच्या हाती पडू देऊ नका.)

स्टार वॉर्स या अंतराळातल्या चित्रपटमालिकेच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो घाईमुळे. आपला जीव की प्राण असलेला सिनेमा कधी एकदा मुलाला दाखवतो असं आई-बाबांना होऊन जातं. मग चार वर्षांचं पोर टीव्हीसमोर बसतं. पहिल्या पाचच मिनिटांत काळ्या मुखवट्यातला उंच माणूस एकाला गळा धरून उचलतो, आणि पोर उशीत तोंड खुपसतं. पुढची दोन वर्षं नाव काढलं तरी ते 'नको' म्हणतं. वर्षभर थांबण्याने काहीही बिघडत नाही. शिवाय या मालिकेच्या पोटात एक मोठं गुपित आहे. डार्थ वेडर, म्हणजे तो काळ्या मुखवट्यातला खलनायक, हा गोष्टीचा नायक ल्यूक याचा बाप आहे हे कळण्याचा क्षण आयुष्यात एकदाच येतो. तो क्षण मुलाला स्वतःचा स्वतः मिळावा, या एका गोष्टीसाठी सगळी आखणी करायची.

वय किती हवं

१९७७चा पहिला चित्रपट साधारण सहाव्या-सातव्या वर्षी, १९८० आणि १९८३चे सात-आठ वर्षांचं झाल्यावर. मूल भित्रं असेल तर आणखी एक वर्ष जाऊ द्या. धाकट्यासाठी थोरल्याला थांबवायला नको, पण थोरल्यासोबत धाकट्यालाही सरसकट बसवू नका. धाकट्याला त्या वेळी आजीकडे किंवा खाली खेळायला पाठवा.

वयाच्या शिक्क्यावर विसंबू नका. अमेरिकेत जुन्या तिन्ही चित्रपटांना 'पीजी' (पालकांच्या सल्ल्याने बघावा) मिळालं, पण तिथे 'पीजी-१३' (तेराच्या आतल्यांसाठी जास्त सावधगिरी) हा वर्गच १९८४ साली सुरू झाला. म्हणजे हे तिन्ही चित्रपट आले तेव्हा मधली पायरी नव्हतीच. आजच्या 'पीजी' कार्टूनशी त्यांची तुलना केली की फसगत होते. त्यापेक्षा साधी परीक्षा घ्या. गोष्टीतलं एखादं चांगलं पात्र मेलं तर मूल ते पचवू शकतं का? रामायणात जटायू पडतो तिथे ते रडतं, पण 'मग पुढे काय झालं?' असं विचारतं का? विचारत असेल तर ते तयार आहे.

कोणता आधी

सर्वांत आधी १९७७चा 'अ न्यू होप', मग १९८०चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक', मग १९८३चा 'रिटर्न ऑफ द जेडाय'. म्हणजे भाग ४, ५, ६. आकडे ओळखणारं मूल लगेच विचारेल, १, २, ३ कुठे गेले? खरं ते सांगा: ते नंतर बनवले, १९९९, २००२ आणि २००५ साली. भाग १पासून सुरुवात केली तर वेडर कोण हे भाग ३च्या शेवटीच कळतं, आणि भाग ५मधला तो प्रसंग नुसता औपचारिक उरतो.

'मॅशेटी क्रम' नावाचा आणखी एक प्रकार चाहत्यांमध्ये चालतो: ४, ५, मग २, ३, आणि शेवटी ६. मोठ्यांसाठी तो छान आहे, कारण गुपित फुटल्यावर बापाची हकीकत आठवणीसारखी येते. लहान मुलांना मात्र तो देऊ नका. भाग ३मध्ये अ‍ॅनाकिन (वेडर होण्याआधीचा ल्यूकचा बाप) लहानग्या शिष्यांवर तलवार उपसतो आणि शेवटी जिवंत जळतो. सात वर्षांच्या मुलाला हे दाखवायचं नसतं.

दोन सापळे मुद्दाम सांगतो. पहिला लेगोचा. लेगो स्टार वॉर्सचे विशेष भाग बाळबोध दिसतात, म्हणून पालक तिथून सुरुवात करतात, पण त्यांतले विनोद सगळं माहीत आहे असं धरूनच रचलेले असतात, आणि बाप-लेकाचं नातं त्यांत बिनदिक्कत येऊन जातं. दुसरा इवॉकांचा. १९८३च्या चित्रपटातल्या त्या अस्वलासारख्या केसाळ प्राण्यांवर १९८४ आणि १९८५ साली टीव्हीसाठी दोन चित्रपट निघाले. १९८५च्या 'द बॅटल फॉर एंडोर'मध्ये छोट्या मुलीचे आई-वडील आणि भाऊ सुरुवातीलाच मारले जातात. मुखपृष्ठावरची गोंडस अस्वलं बघून लावून देऊ नका. पाच वर्षांच्या आतल्यांसाठी काही हवंच असेल तर २०२३पासूनची 'यंग जेडाय अ‍ॅडव्हेंचर्स' ही मालिका आहे. ती त्या वयासाठीच बनवलेली आहे आणि तिच्या कथा जुन्या चित्रपटांच्या बऱ्याच आधीच्या काळात घडतात.

आठवडाभर आधी: आवाजांची ओळख

मुलं वेडरच्या दिसण्यापेक्षा त्याच्या श्वासाला जास्त घाबरतात. तो आवाज बेन बर्ट यांनी तयार केला. पाणबुडे तोंडात धरतात त्या श्वासयंत्रात त्यांनी छोटा मायक्रोफोन बसवला आणि स्वतःचा श्वास टिपला. हे मुलाला सांगा आणि मग घरीच करून बघा. स्टीलचा पेला तोंडावर धरायचा, नाकही आत येऊ द्यायचं, दोन सेकंद आत, दोन सेकंद बाहेर, सावकाश. मुलाने स्वतः दहा वेळा वेडर होऊन आजोबांना घाबरवलं की पडद्यावरचा वेडर निम्मा झालेला असतो.

बंदुकीचा 'प्यूं' आवाज बर्ट यांना रेडिओच्या मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारल्यावर मिळाला. घरी त्यासाठी धातूची स्लिंकी (खेळण्यातली लांब, मऊ स्प्रिंग) आणि एक मोठा कागदी कप लागतो. स्लिंकीचं एक टोक कपाच्या बुडाला बाहेरून चिकटपट्टीने घट्ट लावा. कप हातात धरून स्प्रिंग खाली लोंबू द्या, जमिनीला टेकता कामा नये. खालच्या टोकाला चमच्याने हलकेच टिचकी मारा आणि कपाला कान लावा. लोखंडी तारेतून बारीक आवाज आधी पोहोचतात, जाडे मागून येतात, म्हणून तो 'प्यूं' असा घसरत येतो. प्लास्टिकच्या स्लिंकीने हे जमत नाही, आणि पट्टी सैल असेल तर नुसता खळखळाट ऐकू येतो.

चुबाका या केसाळ सोबत्याच्या आवाजात अस्वल आहे, वॉलरस आहे. शत्रूच्या विमानांच्या किंकाळीत हत्तीचा आवाज आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी मिसळलेली आहे. सिनेमा लागल्यावर मुलं ही जनावरं शोधत बसतात, आणि शोधणारं मूल कमी घाबरतं.

भाषेचं काय करायचं

सहा-सात वर्षांच्या मुलाला खालच्या ओळी वाचता येत नाहीत आणि अमेरिकी इंग्रजीचा वेग झेपत नाही. हिंदी आवाज उपलब्ध आहे का ते आधी बघून ठेवा, पण ओळ-न्-ओळ मराठीत सांगत बसू नका. तुम्ही बोलता तेव्हा पुढची ओळ निघून जाते आणि दोघांचाही धागा तुटतो. बैठकीआधी तेवढ्या भागाची गोष्ट पाच-सहा वाक्यांत सांगा, शेवट न सांगता. मध्ये फक्त नावं घ्या: 'हा हान', 'ही लेया'. थांबवायचं ते एका बैठकीत तीन-चारदाच. आरटू-डीटू या छोट्या यंत्रमानवाची शीळ आणि चुबाकाचं गुरगुरणं कोणत्याच भाषेत नाही, तिथे मूल आणि तुम्ही सारखेच. बरीचशी मुलं आरटूचं बोट धरूनच गोष्टीत शिरतात.

सुरुवातीला वर सरकत जाणारा पिवळा मजकूर मोठ्याने मराठीत सांगा. त्याला दीडेक मिनिट मिळतं, पुरेसं आहे. असं काहीतरी: 'एक दुष्ट साम्राज्य आहे. त्याने अख्खा ग्रह उडवेल असं यंत्र बांधलंय. काही शूर लोकांनी त्याचे नकाशे पळवले. ते नकाशे लेया राजकन्येकडे आहेत आणि शत्रूचं जहाज तिच्या मागे लागलंय.' संगीत चालूच ठेवा, आवाज कमी करू नका.

इथे मराठीची स्वतःची एक अडचण आहे. ल्यूकला सांभाळणारे ओवेन आणि बेरू हे इंग्रजीत नुसते अंकल-आंट असतात. मराठीत काका-काकू की मामा-मामी हे ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. काका-काकू म्हणा. २००२च्या चित्रपटात ओवेन हा ल्यूकच्या वडिलांचा सावत्र भाऊ निघतो, त्यामुळे पुढे काही खोडावं लागत नाही. ल्यूकचा म्हातारा गुरू ओबी-वान याला 'बेन आजोबा' म्हटलेलं मुलांना आवडतं. लेयाला मात्र 'ताई' म्हणू नका. ती ल्यूकची जुळी बहीण आहे हेही गुपितच आहे, आणि ते १९८३च्या चित्रपटात उलगडतं. (१९८०च्या चित्रपटात ती ल्यूकचा मुका घेते. मूल नंतर तोंड वेडंवाकडं करून विचारेलच. 'त्यांना तेव्हा माहीत नव्हतं' एवढं उत्तर बास.)

पहिला चित्रपट: किती बैठका

आज स्ट्रीमिंगवर मिळते ती सुधारित आवृत्ती, दोन तास पाच मिनिटांची. एका दमात दाखवू नका. सात वर्षांच्या मुलाला दोन बैठका पुरतात. हान या कप्तानाचं फाल्कन जहाज मॉस आइस्ली या बंदरावरून उडतं तिथे, साधारण तासाभराने, थांबा. सहा वर्षांच्या मुलाला तीन द्या. पहिली बेन आजोबांच्या घरात लेयाचा निरोप पुरा होईपर्यंत, पाऊण तासाच्या आतच. दुसरी, फाल्कन जहाज डेथ स्टारवरून (तेच ग्रह उडवणारं यंत्र) निसटून पाठलाग करणारी चार विमानं पाडतं तिथपर्यंत. ही तासाभराची आणि सर्वांत जड बैठक आहे, पण तिचा शेवट जिंकण्यात होतो. तिसऱ्या दिवशी फक्त शेवटची लढाई आणि पदकांचा सोहळा उरतो, पाऊण तासाहूनही कमी. त्या दिवशी मूल उड्या मारत उठतं.

कचऱ्याच्या खोलीत भिंती जवळ येत असताना किंवा ओबी-वान नाहीसा झाल्या झाल्या थांबवू नका. मूल ती भीती अंथरुणात घेऊन जातं.

शक्यतो दिवसा बघा, दिवा चालू ठेवा. आवाज लावायचा तो सुरुवातीला डोक्यावरून महाकाय जहाज जातं त्या प्रसंगावर तपासून. वाळवंटातल्या शांत संभाषणावर आवाज जुळवला की लढाईला घर हादरतं. 'पुढचा भाग आपोआप' ही सोय आधीच बंद करा. ती चालू राहिली तर पदकं संपतात न संपतात तोच पुढच्या भागाचं चित्र पडद्यावर येतं.

चार ठिकाणी मुलाला खेटून बसा: वेडर गळा धरतो ती सुरुवात, काका-काकूंचं जळलेलं घर (पहिल्या पाऊण तासाच्या आसपास), दारूच्या अड्ड्यात तुटून पडलेला हात, आणि लेयाच्या कोठडीत सुई घेऊन येणारं काळं गोल यंत्र. यांतलं काका-काकूंचं दृश्य खरंच वाईट आहे. दाराशी दोन जळालेले सांगाडे दिसतात, काही सेकंदच. ते पळवून पुढे नेऊ नका. पळवलं की मुलाला कळतं काहीतरी लपवलंय, आणि ते त्याहून भयंकर काहीतरी मनात रंगवतं. शिवाय ल्यूक घर का सोडतो हे त्याशिवाय कळत नाही. आधीच सांगा: 'सैनिकांनी त्याचं घर जाळलं, काका-काकू वारले. आता ते दिसेल. डोळे झाकायचे असतील तर झाक, झालं की सांगते.' मूल बोटांच्या फटीतून बघेल, बघू द्या.

मधला काळ आणि गुपिताची राखण

पहिला झाला की थांबा. चार महिने, सहा महिने, वर्षही चालेल. हा चित्रपट स्वतःपुरता पुरा आहे, आणि मुलाला तो तीन-चार वेळा पुन्हा बघायचा असतो. तेवढ्या काळात त्याच्या मनात वेडर हा नुसता दुष्ट माणूस म्हणून पक्का बसतो. तसा बसल्याशिवाय पुढचा धक्का बसत नाही.

गुपित फुटतं ते टी-शर्टांवरून, वाढदिवसाच्या कार्डांवरून, फादर्स डेच्या जाहिरातींवरून आणि मोठ्या आतेभावांकडून. आते-मामे भावंडांना विश्वासात घेऊन सांगा, 'तुम्ही राखणदार.' दहा-बारा वर्षांची मुलं हे काम जीव ओतून करतात. खेळण्याच्या खोक्यामागचा मजकूर वाचून मगच हातात द्या. मुलाला स्वतः सर्च करू देऊ नका, चित्रांच्या पट्टीतच सगळं दिसतं. एवढं करूनही फुटलंच तर खोटं बोलू नका. 'हो, पण ल्यूकला अजून माहीत नाही. त्याला कळेल तेव्हा काय होईल?' असं विचारा. मूल आता बघणाऱ्याचं राखणदार होतं, आणि बघणं वाया जात नाही.

दुसरा आणि तिसरा: एकाच आठवड्यात

१९८०चा चित्रपट हरण्यात संपतो. हान गोठवलेला, ल्यूकचा हात तुटलेला, बाप शत्रू निघालेला. तेव्हाच्या प्रेक्षकांनी पुढच्यासाठी तीन वर्षं वाट पाहिली. आठ वर्षांच्या मुलाला तसं ठेवायचं नसतं. शनिवार-रविवारी हा, पुढच्या शनिवार-रविवारी १९८३चा. मे महिन्याची सुट्टी असेल तर आणखी सोपं, लागोपाठच्या चार दुपारी दोन्ही होतात.

१९८०च्या चित्रपटात सुरुवातीलाच बर्फातलं वाँपा नावाचं श्वापद ल्यूकवर झडप घालतं. सांगून ठेवा. हान त्याला थंडीतून वाचवायला मेलेल्या जनावराचं पोट फाडतो, त्याची मुलांना किळस येते पण भीती नाही. दलदलीतल्या गुहेत वेडरचं डोकं उडतं आणि मुखवट्यात ल्यूकचाच चेहरा दिसतो. हे कोड्यासारखं आहे, समजावत बसू नका. हानला गोठवल्यावर 'मेला का?' हा प्रश्न हमखास येतो. हानचा जुना मित्र लँडो लगेच तपासून जिवंत असल्याचं सांगतो, ते वाक्य तेवढं मराठीत सांगा. हाताबद्दल आधीच सांगून ठेवलेलं बरं: शेवटी त्याला यंत्राचा नवा हात मिळतो.

आणि तो क्षण. गप्प बसा. मुलाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. कॅमेरा दिसला की मूल आपल्याला काय वाटतंय ते सोडून चेहरा करून दाखवू लागतं, आणि इतके महिने राखलेलं सगळं त्या मोबाइलमध्ये जातं. ते तुमच्याकडे बघेल तेव्हा नुसतं डोळ्यांनी उत्तर द्या. नंतर ते विचारेल, 'खोटं बोलतोय ना तो?' हो-नाही म्हणू नका. वेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्स यांनाही ती ओळ वाचून आधी तो खोटंच बोलतोय असं वाटलं होतं. चित्रीकरणाच्या वेळीही गुपित फुटू नये म्हणून मुखवट्याआडच्या नटाला वेगळीच ओळ दिलेली होती. खरं उत्तर १९८३च्या चित्रपटात ल्यूकचा दुसरा गुरू योडा देतो. मुलाला तो आठवडा त्या प्रश्नासोबत काढू द्या.

मूल दत्तक असेल, किंवा वडील घरात नसतील, तर ही आठवड्याची वाट त्याच्यासाठी वेगळी असू शकते. अशा वेळी आधी बोलून घ्या: ल्यूकला दुसऱ्यांनी वाढवलं, आणि वाढवणारे त्याचेच होते.

१९८३मध्ये जब्बा या गुंडांच्या म्होरक्याच्या महालातला भाग लांब आणि ओंगळ आहे. नाचणारी मुलगी खड्ड्यातल्या रँकॉर नावाच्या श्वापदापुढे पडते, लेयाला साखळीने बांधलेलं असतं. 'तिला हे आवडत नाहीये, आणि थोड्या वेळाने ती त्याच साखळीने बदला घेणार आहे' हे सांगितलं की मुली विशेषतः सावरून बसतात. योडाचा मृत्यू शांत आहे. मारला गेलेला एक इवॉक आणि त्याला हलवून उठवू पाहणारा त्याचा सोबती, तिथे मात्र रुमाल लागतो. वेडरचा मुखवटा निघतो तेव्हा आत म्हातारा, फिकट माणूस असतो. मुलांना वाटलेलं राक्षस असेल. बहुतेकांना हायसं वाटतं.

शेवटी दिसणाऱ्या तीन छायांमध्ये एक तरुण असतो, आणि मूल विचारतं, हा कोण? २००४च्या डीव्हीडीत तिथे म्हाताऱ्या नटाऐवजी नंतरच्या चित्रपटांतला तरुण नट घातला. सांगा, 'ल्यूकचे बाबा तरुणपणी असे दिसायचे.'

खेळ

दुसऱ्या दिवशी घरात तलवारी चालणारच, तेव्हा मऊ तलवार तुम्हीच करून द्या. पोहण्याची फोमची नळी दीड मीटरची असते. मधोमध कापली की दोन होतात. खालच्या पंधरा सेंटिमीटरवर काळी इलेक्ट्रिकल पट्टी गुंडाळली की मूठ झाली. नळी मिळाली नाही तर एसीच्या तांब्याच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम चालतो. आत काठी घालू नका, ताठ हवी म्हणून वर्तमानपत्राची सुरळीही नको. घट्ट सुरळी डोळ्याला लागते. दिव्याच्या विकतच्या तलवारीत बऱ्याचदा चपटे बटण-सेल असतात. त्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघूनच घ्या. गिळलेला बटण-सेल अन्ननलिका दोन तासांत जाळू शकतो. असा संशय आला तर उलटीची किंवा लक्षणांची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

नियम दोनच: डोक्याला मारायचं नाही, आणि वेडरसारखा गळा दाबायचा तो चार पावलांवरून, हात न लावता. दुसरा नियम विसरू नका, तो खेळ मुलं खरोखर करून बघतात.

पुढचे भाग

१९९९चा भाग १ त्याच वयाला चालतो. नऊ वर्षांचा अ‍ॅनाकिन शर्यत जिंकतो ते मुलांना वेडं करतं, व्यापार-कराची चर्चा ती खेळत घालवतात. रडवतो तो आईला सोडून जाण्याचा प्रसंग. भाग २ नवव्या वर्षानंतर, भाग ३ दहा-अकराच्या आत नको. 'पीजी-१३' शिक्का मिळालेला तो या मालिकेतला पहिला. २०१५च्या 'द फोर्स अवेकन्स'आधी जुन्या तिन्हींनंतर चांगलं वर्षभर जाऊ द्या. त्यात हानला त्याचा स्वतःचा मुलगा मारतो, आणि ज्या मुलाचा हान आवडता आहे त्याला कालच भेटलेला हान आज गमवावा लागतो. २०१६च्या 'रोग वन'मध्ये मुख्य मंडळी सगळीच मरतात. तो अकरा-बारा वर्षांच्या पुढे. डेथ स्टारचे ते नकाशे कोणी आणि कसे पळवले ही त्याचीच गोष्ट आहे, म्हणून तो संपला की लगेच १९७७चा पुन्हा लावा. त्याची शेवटची मिनिटं पहिल्या चित्रपटाच्या पहिल्या दृश्याच्या दारात नेऊन सोडतात, आणि पिवळा मजकूर वर सरकू लागला की या वेळी तो वाचून दाखवण्याचं काम मुलाकडे द्या.